सकाळी आठची नोंद

ज्युलुस्तान माझ्या नात्यातला नाही.
शेजारच्या वर्वाराचा मुलगा, दहा वर्षांचा,
पण लेनाकाठच्या मोजणीच्या खुंट्यांपाशी
सकाळी आठला माझ्याआधी हजर,
पापण्यांवर गोठलेलं दहिवर घेऊन.
"मावशी, उणे अठरा," म्हणतो,
जणू ते तापमान त्यानंच पाडलंय.

इतर पोरं ढगांत अस्वलं शोधतात.
हा विचारतो, ढग किती उंचावर आहे.
वीज चमकली की सेकंद मोजतो, भागिले तीन करतो,
आणि किलोमीटर आईला ऐकवतो
ती दूध काढत असताना.

मार्चअखेर जॅमच्या रिकाम्या डब्यात
त्यानं हिम भरलं, काठोकाठ, दाबून,
आणि शेगडीवर ठेवलं.
उरलं दोन बोटं पाणी.
"एवढंच?" केवढा हिरमुसला.
मी म्हटलं, खिडकीतून बघ. किती डबे आहेत?
छपरं, कुरणं, लार्चचं रान, पलीकडचे डोंगर,
आणि डोंगरांपलीकडे जे दिसत नाही ते.
त्या रात्री तो गुणाकार करत बसला.
पान संपलं.

मग मी त्याला नदी सांगितली.
आमची लेना उत्तरेला जाते,
आणि वसंत दक्षिणेकडून येतो.
वरच्या गावांत पाणी मोकळं होतं
तेव्हा इथे बर्फ अजून तीन हात जाड.
जमीनही पिणार नाही, ती खाली
हजारो वर्षं गोठून पडलीय.
त्यानं जरा विचार केला. म्हणाला,
"शाळेच्या खानावळीची रांग.
मागच्यांनी घंटा ऐकली,
पुढचं दार उघडलंच नाही."
मी चाळीस वर्षं नदी मोजतेय.
मला हे असं कधी सुचलं नाही.

एप्रिलात ट्रॅक्टर बर्फावर कोळशाची राख टाकून गेले.
काळं ऊन गिळतं, पांढरं परत फेकतं,
हे त्यानं माझ्या शब्दावर मानलं नाही.
अंगणात दोन हातमोजे मांडले, काळा आणि पांढरा.
संध्याकाळी काळा बोटभर खचला होता.
दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला दाखवला.

पण खरं सांगायचं तर त्याला पूर हवा होता.
वर्वारा सांगते, झोपताना पुटपुटायचा:
थोडासाच. चौथ्या खुंटीपर्यंत.

अठरा मेला बर्फ फुटला, बंदुकीसारखा.
पोरं काठावर नाचली.
मग गावाखालच्या वळणावर तो अडला,
घराएवढ्या लाद्या एकमेकींवर चढल्या,
आणि नदी मागे फिरली.
आठला चौथी खुंटी. नऊला पाचवी.
दहाला मी वहीत लिहिलं: खुंटी नाही.

प्रोकोपीचं न्हाणीघर धुराड्यासकट गेलं.
गवताच्या गंजी गेल्या, सावकाश, सरळ उभ्या.
वर्वाराच्या गाई पोहून टेकडीवर आल्या.
वासरू आलं नाही.

शाळेच्या माळ्यावर तीन दिवस
त्यानं मला तापमान विचारलं नाही.
चौथ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून म्हणाला,
"मी मागितला होता."
मी त्याला जवळबिवळ घेतलं नाही.
माझ्यानं ते होत नाही.
म्हटलं, पाणी कुणाचं ऐकत नाही रे.
ऐकत असतं तर आम्ही ते मोजलं कशाला असतं?

बराच वेळ गप्प होता.
"मग खुंट्या?"
नव्या ठोकायच्या.
"हातोडा आहे?"
वाहून गेला.

दुसऱ्या दिवशी मला उठायला उशीर झाला.
काठावर वर्वाराची कुऱ्हाड पडली होती, मागची बाजू चिखलानं भरलेली.
एक खुंटी, जराशी तिरकी.
वही दगडाखाली उघडी:

*सकाळी आठ. पाणी उतरतंय.
हवा अधिक सात. वारा नाही.
वासरू: अजून नाही.*

नोंदवहीत असा रकाना नसतो.
मी तो खोडला नाही.