चीक

आम्ही झोपतो तो गोठा आहे.
म्हणजे होता. आता त्याला कॉटेज म्हणतात.
खिडकीत लव्हेंडर, भिंतीला ताजा चुना,
आणि पलंगाच्या उशाशी दाव्याची लोखंडी कडी, तशीच.
मी तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालते.
गाई पलीकडे, पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये,
गळ्यात पट्टा, पट्ट्यात चिप, कानाला नंबर.

कार्मार्थनपासून अर्ध्या तासावर
जुलै रात्री साडेनऊलाही मावळायचं नाव काढत नाही.
मुलं झोपत नाहीत, माशाही नाहीत.
इवान अकराला गवत कापून येतो
आणि पाचला मशीन सुरू होतं. घुर्र, खट्. घुर्र, खट्.
शेजारच्या कॉटेजमधले बर्मिंगहॅमचे काका
पायजम्यावरच दारात येऊन विचारतात,
हे जरा उशिरा नाही का करता येणार?
इवान अदबीने मान हलवतो. हसतो ते नंतर, माझ्याजवळ.
"गाई नाही पोसत आता आम्हाला, पाहुणे पोसतात.
गाईंचं आपलं… सवय."

मंगळवारी ४१८ व्याली. पहिलटकरीण.
अन्वय फाटकावर पोट टेकून बघत होता,
पायात उसने गमबूट, एक हिरवा, एक निळा.
वासरू पडलं, थरथरलं, उठताना तीनदा कोसळलं.
"ठोंब्या!" हा ओरडला.
सकाळी उठत नाही तेव्हा मी यालाच म्हणते ते.
कॉव्हेंट्रीत वाढलेल्या माझ्या लेकाकडे
मराठी शब्द असतील शंभरेक,
त्यातला एक त्याने असा देऊन टाकला.
मेरियन हळूच म्हणाली, नरांना नाव नसतं ठेवायचं.
पण ठेवून झालं होतं.

मला तेव्हा काय सुचलं ते सांगायची लाज वाटते.
बादलीत चीक होता. दाट, हळद कालवल्यासारखा.
वासराला पाजून उरलेला ते फ्रीझरमध्ये ठेवतात,
अडल्यानडल्या वासरांसाठी.
मी म्हटलं, एवढासा मिळेल?
आणि वीस वर्षांची भूक एकदम तोंडात आली.

इवानच्या आईने, नेस्टाबाईंनी, जग भरून दिला.
गूळ नव्हता, ब्राउन शुगर घातली.
वेलदोडे माझ्या पर्समध्ये असतातच, गाडी लागते म्हणून.
टिफिनचा डबा, पातेल्यात पाणी, झाकणावर
अन्वयने समुद्रावरून आणलेला दगड.
सुरी घातली, सुरी कोरडी निघाली.

नेस्टाबाईंनी तीन वड्या खाल्ल्या. मग डोळे मिटून
त्यांच्या भाषेतला एक शब्द सांगितला,
माझ्या तोंडात तो मावला नाही.
त्यांची आई करायची म्हणे. शेजारी जग जायचा,
आणि शेजारणीने तो न धुता परत द्यायचा,
नाहीतर गाय आटते.
आमच्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत, मी म्हटलं.
दोघी बराच वेळ त्या जगाकडे बघत बसलो.

अन्वयने बशी सरकवली.
"त्याला विचारलंस?"
अरे, उरलेलाच होता, मी म्हणाले.
"पण विचारलंस का?"
मी त्याची वडीही खाल्ली. छान झाली होती.

गुरुवारी टँकर गेल्यावर एक छोटा ट्रेलर आला.
त्या रात्री चुन्याच्या भिंतीतून ४१८ ऐकू येत होती.
कडीवरचा टॉवेल मी उगाच काढून पुन्हा घातला.

शनिवारी जग धुवायला नळ सोडला, सवयीने,
आणि बंद केला. आत मूठभर वेलदोडे टाकले,
त्यांच्या उंबऱ्याशी ठेवून आले.

पाहुण्यांच्या वहीत सगळ्यांनी लिहिलं होतं,
काय शांतता! अप्रतिम शांतता!
खाली अन्वयने इंग्रजीत एकच ओळ लिहिली:
४१८ झोपली नाही.
आणि पाचातले तीन तारे रंगवले.
तीनच का, किंवा तीन तरी का,
हे मी गाडीत विचारणार होते.