तीन फूट जागा

भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये तीन फूट.
मी टेप लावून मोजली, दोनदा,
कारण हमदने आणलेल्या झाडाच्या चिठ्ठीवर होतं:
उंची पंधरा फूट, पसारा तीन.
पसारा तीन! मला हसूच आलं.
आमच्या गुहागरकडे झाड म्हणजे पसरणारच,
बांधावरच्या आंब्याच्या एका फांदीपायी
चुलत्यांशी अजून तारखा पडतायत.
आणि हे मेपल, हात अंगाशी घेऊन उभं,
कुणाच्या हद्दीत पान टाकणार नाही म्हणे.

मामा मौझाने ते कॅलेंडरवर पाहिलेलं,
ऑक्टोबरच्या पानावर, लालभडक.
(सोहारला मालकिणीला मामा म्हणतात.
पहिल्या वर्षी बायकोला फोनवर सांगितलं,
आज मामा माझ्यावर ओरडली.
ती म्हणाली, डोक्याला ऊन लागलंय तुमच्या.)
ऑक्टोबर गेला, ते वर्षही गेलं,
स्वयंपाकघरात ऑक्टोबर तसाच टांगलेला.

मी एसीवाला. झाडं माझं काम नव्हे.
बागेचा माणूस मोतालेब, सिल्हेटचा,
त्याने नळाचं पाणी जिभेवर घेऊन थुंकलं.
खारं. याला चालणार नाही.
आधी कडा करपतील, मग मुळं,
जूनपर्यंत काठी.
मी वर पाहिलं.
मीच बसवलेल्या चार युनिटांच्या नळ्या
भिंतीवर टपटपत होत्या, खाली शेवाळ धरलेलं.
हवेतून पिळलेलं पाणी,
मिठाचा कणही नाही त्यात.

चारींची एक नळी केली, आळ्यात सोडली.
मोतालेबने खजुराचा काथ्या अंथरला बुंध्याशी,
हिरवी जाळी बांधली, पश्चिमेला दुहेरी.
त्याला म्हटलं, हे तर बाळंतिणीची खोली केलीस.
त्याला ते कळलं नाही. हसला मात्र.

जुलैत समुद्राची दमट हवा आत आली,
आमचे शर्ट अंगाला चिकटले,
झाडाची चंगळ:
जेवढा उकाडा, तेवढा एसी,
जेवढा एसी, तेवढं पाणी.
मग सुट्टी संपली, नातवंडं मस्कतला गेली,
दोन खोल्या बंद, दोन नळ्या कोरड्या.
आठ दिवसांत वरची पानं वळली
जळक्या कागदासारखी.

त्यानंतर रात्री त्या खोल्यांत एसी चालू दिसायचा.
खोल्यांत कुणी नाही, गाद्या गुंडाळलेल्या,
आणि अठरावर थंडगार.
महिन्याचं बिल पाहून हमदने मला बोलावलं.
गॅस कमी झालाय का रे?
दाराआड मामा मौझा उभी होती.
बघतो, मी म्हटलं,
आणि शिडी लावून खरोखरच बघून आलो,
पूर्ण भरलेला गॅस.

जानेवारीत डोंगराकडून दोन रात्री वारा सुटला.
सकाळी तिने मला आळ्यापाशी नेलं,
सात पानं दाखवली.
लाल झालं, की जळलं?
मी आयुष्यभर जळलेल्या वायरी हुंगल्या आहेत,
तरी पान हातात घेऊन थांबलो.
जळलेलं कडेने आत येतं आणि चुरतं.
हे शिरांपासून आलेलं, बोटात मऊ.
दोन, मी म्हटलं. ही दोन.
पाच जळलेली?
पाच जळलेली.
तिने सातही ओढणीच्या टोकात बांधून नेली.

आता थंडी. अख्ख्या घरात एसी बंद.
मोतालेब म्हणतो, झोपलंय ते, फार पाणी नको त्याला,
पण काही तरी लागेलच.
म्हणून गुरुवारी मी सर्व्हिसिंगला येतो.
वरच्या खोलीत मामा मौझा
शाल पांघरून, पाय पोटाशी घेऊन बसते,
रिमोट हातात.
मी खाली, नळीच्या तोंडाशी बादली धरून.
अजून कमी कर, मी ओरडतो.
वरून आवाज येतो, सोळा आहे, यापेक्षा खाली नाही.

थेंब येतोय.