बांधतानाच

सूवुरोय बेटावर, व्हॉवुर गावात,
मासळी गोठवायच्या कारखान्यामागे एक खोली आहे.
पूर्वी तिथे जाळी शिवायचे.
आता एक मशीन, एक पंखा,
आणि खिळ्याला कुणाचा तरी पिवळा रेनकोट.

गावानं नाव विचारायचं, मशीननं आकडा सांगायचा,
एवढंच काम.
दवाखाना कुठे, शाळा कुठे, फेरी किती वाजता,
दिवसातून लाखभर वेळा विचारतात लोक
आणि आपण काही विचारलं
हे एकाच्याही गावी नसतं.

सर्व्हर एकोणीस वर्षांचा.
बांधला तो त्रोंदुर गेल्या हिवाळ्यात गेला.
जाताना पासवर्ड दिला, कारणं दिली नाहीत.
सुन्व्हर आज नवा बांधायला बसलीय,
मुळातल्या कोडपासून,
पायात दोन-दोन मोजे.

कॉन्फिगर म्हटलं की सुरू होतं:
कंपायलर आहे का? आहे.
अमुक लायब्ररी? आहे.
तमुक? नाही.
स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांसारखं
सगळं विचारतं, फक्त चहा घेत नाही.

आणि इथे जे नको म्हणाल ते नकोच झालं.
नंतर सेटिंगच्या फाइलीत कितीही लिहा,
सर्व्हर म्हणणार, हा शब्द मी ऐकलेला नाही.
पीठ मळताना विसरलेलं मीठ
भाकरीवर भुरभुरता येतं,
पण ती भाकरी वेगळी.

म्हणून आधी तिनं जुन्यालाच विचारलं,
एका अक्षराची आज्ञा,
बाबा रे, तुला कसं बांधलं?

आणि तो बोलला.
कुठल्या वहीत नव्हतं, कुणाला माहीत नव्हतं,
पोटात जपून ठेवलं होतं त्यानं,
त्रोंदुरनं त्या दिवशी टाइप केलेलं सगळं, एका दमात.
थ्रेड नकोत.
(मशीनला कोअर एकच होता तेव्हा.)
लांबलचक नवे पत्ते नकोत.
(बेटावर होते कुणाकडे?)
सह्यांची तपासणी नको.
(इथे कोण कुणाची खोटी सही करणार, असं वाटलं असेल.)
डीबगच्या खुणा राहू द्या.
आणि घर, म्हणजे जिथे हा राहणार
आणि जिथे आपल्या फाइली शोधणार तो पत्ता:
बोटी, तिरकी रेघ, तेर्ना.

तेर्ना म्हणजे सुरय पक्षी.
तेर्ना म्हणजे त्रोंदुरची सहा मीटरची नाव,
जी त्यानं विकली,
कुणी म्हणतं या मशीनसाठी, कुणी म्हणतं दारूपायी.
तिच्या फळ्यांचं सुम्ब्यात
कोंबड्यांचं खुराडं झालं, हे मात्र नक्की.

म्हणजे एकोणीस वर्षं
अख्ख्या गावाची नावं
एका नसलेल्या नावेतून येत होती.

माझ्या भाषेत हे सांगताना जीभ अडखळते,
नाव आणि नाव एकाच दोरीला बांधलेल्या.
सुन्व्हरच्या भाषेत त्यांना दोन शब्द आहेत,
म्हणून तिला गंमत वाटली नाही.
ती नुसती पंख्याकडे बघत राहिली.

मग ठरवलं.
थ्रेड हवेत.
नवे पत्ते हवेत.
सह्या तर हव्यातच, दिवस बदलले.
घराच्या जागी तिनं शहाणा, सर्वमान्य पत्ता लिहिला,
जो जगात सगळे लिहितात.
खोडला.
पुन्हा लिहिला.
कॉफी संपवली.

मेक चालू झालं. अकरा मिनिटं
ओळी वर सरकत होत्या,
एक वॉर्निंग आली, तिनं वाचली, जाऊ दिली.
बाहेर कुणीतरी बर्फाचे खोके फरफटत नेत होतं.

पहिला प्रश्न तिनंच विचारला: दवाखाना?
आकडा आला. बरोबर आला.

नोंदवहीत तिनं सगळं लिहिलं,
काय घेतलं, काय वगळलं, का.
घर: बोटी, तिरकी रेघ, तेर्ना.
त्यापुढच्या रकान्यात "सवय" असं लिहून
तिला ते खोटं वाटलं,
पण पेन होतं, रबर नव्हतं.

दिवा मालवला.
रेनकोट खिळ्यावरच राहू दिला.