प्रबळ बाजू

तवनाप्पा आवटी, वय एकसष्ट,
धंदा हळदीची अडत, मार्केट यार्ड, सांगली.
डॉक्टरांनी लिहिलंय, ‘डावी बाजू लुळी’.
प्रबळ हात कोणता, ती जागा कोरी.

नियम सोपा आहे.
लिहिलं नसेल तर उजवा प्रबळ,
डावा दुय्यम.
एक अंक टाकायचा, पुढची फाइल ओढायची.
आज अजून एकोणीस आहेत.

तरी मी वॉर्डात फोन लावला.
बायको बोलली,
“जेवत्यात उजव्यानं. सही बी उजव्यानं.
ल्हानपणी सासूबाईंनी डाव्यावर
तापलेलं उलथनं टेकवलं हुतं.
पर सौद्याला, टावेलाखाली,
डावाच हात घालायचे.
चाळीस वर्सं त्यानंच भाव केला,
कुणाला दिसला न्हाई.”

माझ्या पडद्यावर दोनच चौकटी.
आणि ऐकलेलं मला लिहिता येत नाही,
लिहिलेलंच वाचायचं असतं.
फाइलला चिठ्ठी लावली:
‘रुग्ण डावखुरा आहे का? कृपया नोंद व्हावी.’
विमावाल्यांचे दोन फोन येऊन गेले.

शुक्रवारी फाइल परत आली.
डॉक्टर पाटगावकरांचं अक्षर,
नेहमीपेक्षा सावकाश काढलेलं:
‘होय, डावखुरा.
हातावर टॉवेल टाकून विचारलं,
राजापुरी, क्विंटलला काय भाव?
करंगळी हलली.’

मी अंक बदलला.
करंगळी म्हणजे शंभर की हजार,
ते मात्र लिहिलेलं नाही.