बारा फुटी

हिंगणा रोडच्या शेडमध्ये ॲल्युमिनियमचे तीन डोंगे,
दोन उपडे, एक उताणा.
वेल्डर बोटाने वाजवून दाखवतो:
दहा फुटीचा आवाज पातळ, चौदाचा हंड्यासारखा.

दसरू भाव विचारत नाही.
ओणवा होऊन दहा फुटी पाठीवर घेतो,
चार पावलं चालतो.
म्हणतो, सिमेंटच्या पोत्याहून हलकी.

"चौदा घे नं बे, उद्या इंजिन बसवशील."

चौदा म्हणजे पाळीवर ओढायला दोन माणसं.
धाकटा फागो आता बुटीबोरीत, रात्रपाळीला;
त्याचं वल्हं
कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर झालंय.

तोवर कौतिका चपला काढून
उताण्या बारा फुटीत जाऊन बसलेली,
गुडघे आखडून, मांडीवर भाकरीचा डबा.
"तू तिकडं बस. जाळं मंधात.
पाह्य, किती जागा रायते."

मधे दोन टोपल्या मावतील इतकीच.
तिला पाणी कधी मानवलं नाही,
हे दोघांनाही माहीत.

तो बसला.
फरशी काही हलली नाही,
तरी दोघांनी कडा घट्ट धरल्या.

वेल्डरने खडूने खूण केली.
बसायच्या दुसऱ्या फळीचे पैसे वेगळे, म्हणाला;
त्यावर मात्र दसरू
अर्धा तास भांडला.