जर-तर

मुहर्रकच्या खोलीत, शुक्रवारी, एसीच्या घरघरीत
टेम्पेस्टची पाठ कापतोय मी.
बहात्तरास एक. एकट्याने उडवायचं विमान;
मागे दुसरी खुर्ची बसवतोय.

असं झालंच नाही कधी, थंकच्चन म्हणतो,
नकाशावर बोट ठेवतो: इथे रेडिओ असतो.
काढला, म्हटलं. मागे माणूस असल्यावर
रेडिओ कशाला?

आत्याबाईला मिशा असत्या तर, म्हणाली असतीस तू.
बरं. असत्या तर.
पाठीला वाळूचा रंग, पोटाला उथळ समुद्राचा,
तोफांची भोकं पुटीने बुजवली.
चिमट्यात धरून खुर्चीला पट्टा लावला
भाताच्या तुसाएवढा.

व्हिसाच्या खिडकीतला माणूस
पगाराचा कागद पालथा घालत म्हणाला होता,
वीस दिनार कमी पडतात.
वीस.

छपरावरून खरं विमान उतरतं, ब्रश हलतो.

काच लांब हवी. दुकानात मिळत नाही,
पाण्याची बाटली तापवून साच्यावर ओढली.
दोनदा फसली.
तिसरी बसली, पण मागच्या बाजूला
जरा धुकट राहिली,
आतून कुणी नाक टेकवल्यासारखी.

पॉलिश कर, थंकच्चन म्हणतो.
करू. आधी रंग वाळू दे.