शीट नंबर सात

सहा आठवडे. पगार नाही, चहा ऑफिसचा,
आणि शेवटी एक सर्टिफिकेट,
ज्यात ठोंबरेचं टोंबरे झालं आहे.

पहिल्या दिवशी कामेरकर मॅडमनी हातात दिला
टेप, ओळंबा, एक मऊ ब्रश,
आणि माझगावच्या उतारावरची एक कोरडी पाणपोई.
"आधी नुसती बघ," म्हणाल्या, "दोन दिवस काही काढू नकोस."

बघितली.
मालाडचा पिवळट दगड, वर घुमटी,
घुमटीच्या खांद्यात पिंपळाचं पोर.
खाली कुत्र्यांसाठी अर्धगोल कुंड,
त्यात गुटख्याची पाकिटं.
ऑइलपेंटचे थर स्काल्पेलने खरवडून मोजले: अकरा.
पालिकेचा हिरवा, कुठल्याशा उत्सवाचा गुलाबी,
मग एकाखाली एक पांढरे, जणू कुणी पुन्हापुन्हा माफी मागितलेली.
सगळ्यांत खाली दगड.
प्लास्टर काढल्यावर हात दिसतो तसा,
फिका, ओशाळलेला.

गुजराती लेखावर बटरपेपर धरून कोळसा घासला.
उमटलं ते असं:
बाई काहीतरी-बा, उमर वर्ष नऊ,
आणि पुढे कुठेतरी तहान.
मग दगडाचा पापुद्राच सुटलाय.
ती कुणाची, कशानं गेली,
ते त्या पापुद्र्याबरोबर रस्त्यावर झाडून गेलं असणार.

खराबीच्या नकाशात
तडे लाल रेघांनी, ओल निळ्या ठिपक्यांनी,
सिमेंटची डागडुजी करड्या जाळीने.
दस्तगीर चावीवाल्यासाठी खूण नव्हती.
फॉर्मवर रकाना होता. अतिक्रमण: आहे / नाही.

सव्वीस वर्षं तो त्या ओट्यावर चाव्या घासतोय.
मला म्हणाला, "दुपारी तीनला इथं हात लाव.
थंड लागेल. नळी आतून जिवंत आहे."
लावला. थंड होती.
हे आमच्या कुठल्याच मशीनने सांगितलं नव्हतं,
अर्थात मशीन एकच होतं, तेही कॉलेजातून मागून आणलेलं.

यल्लाप्पा मिस्त्रीने चुना भिजत घातला.
त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर.
मी रोज विचारायची, झाला?
तो पिंपातून बोट वर काढून बघायचा
आणि परत झाकण लावायचा.
"सिमेंट हुकूम करतं," म्हणाला एकदा, "चुना ऐकून घेतो."
मी ते वहीत लिहिलं. तो हसला,
"तेवढंच लिव्ह. मजुरी किती मिळते ते नको."

चौथ्या आठवड्यात मी फॉर्म भरत होते,
पितळी सिंहमुख: गायब.
दस्तगीरने वाकून वाचलं.
काही न बोलता पेटीच्या तळातून
लुंगीत गुंडाळलेलं एक जड गाठोडं काढलं.
"रात्री दोघं आले होते पहारी घेऊन. दमून गेले.
सकाळी मीच स्क्रू काढले."
मग जरा अभिमानाने,
"कुलूपवाल्याला स्क्रू किती?"
पावती मागितली. मी ट्रेसिंगच्या तुकड्यावर लिहून दिली,
मिळालं, आणि सही.

अतिक्रमणाचा रकाना मी रिकामा ठेवला.
तो मॅडमनी भरला. वाईट नाहीत त्या.
रकाना कुणीतरी भरायचाच होता.

दोन दगडांच्या सांध्यात, ओट्यापासून एकशे बारा सेंटिमीटरवर,
त्याचा एक खिळा होता, चाव्यांचं कडं अडकवायचा.
मी तो काढला, शीट नंबर सातवर, मापासकट.
"हा मूळ बांधकामाचा भाग नाही," मॅडम म्हणाल्या.
नव्हताच.
शीट तशीच जमा झाली.

यल्लाप्पाने खिळा उपटून भोक चुन्याने बुजवलं,
इतकं सफाईने, की आता मलाही
बोटाने चाचपावं लागतं.

डिसेंबरात गेले होते.
सकाळ-संध्याकाळ दोन तास पाणी येतं सिंहाच्या तोंडातून.
कुत्र्यांच्या कुंडात एक मांजर पीत होतं.
दस्तगीर समोर, बेकरीच्या भिंतीला टेकून,
चाव्या आता तारेवर.
त्याने बाटली पुढे केली, तिथलीच भरलेली.
पाण्याला चुन्याची चव होती, निदान मला लागली.

आडनाव दुरुस्त करून मागायचं आहे.
त्यासाठी अर्ज लागतो म्हणे.
राहतंय.